मत्स्यसंवर्धनातील परजीवी व कवकांवरील रासायनिक उपचार

मत्स्यसंवर्धनातील परजीवी व कवकांवरील रासायनिक उपचार म्हणजे तळी, टाक्या, पिंजरे आणि बीजोत्पादन केंद्रे यांत पाळलेल्या मासे व कोळंबी यांच्या अंगावर किंवा कल्ल्यांत वाढणारे परजीवी आणि बुरशी यांचा नाश करण्यासाठी पाण्यातून अथवा खाद्यातून केलेला रसायनांचा वापर होय. मीठ, पोटॅशियम परमँगनेट, मोरचूद (कॉपर सल्फेट), फॉर्मॅलिन, हायड्रोजन पेरॉक्साइड, काही कीटकनाशके आणि पूर्वी सर्रास वापरला जाणारा मॅलॅकाइट ग्रीन हा रंग ही या उपचारांतील प्रमुख द्रव्ये होत. जमिनीवरील जनावराला औषध देताना ते त्या जनावरापुरते राहते. माशाच्या बाबतीत मात्र रोगी, निरोगी, त्यांचे अन्न आणि त्यांचा प्राणवायू हे सर्व एकाच पाण्यात असतात व औषध त्या सगळ्यांवर एकदम पडते. या उपचारांतील बहुतेक अडचणी येथूनच उद्भवतात.

रोगकारक जीव

आदिजीवांपैकी इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा गोड्या पाण्यातील सर्वांत उपद्रवी परजीवी मानला जातो. त्याच्यामुळे माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, म्हणून या विकाराला ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ असे म्हणतात. (कोळंबीचा ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ हा विषाणुजन्य असून त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. नावाच्या सारखेपणामुळे एकाचे औषध दुसऱ्याला वापरल्याची उदाहरणे घडतात.) ट्रायकोडिना, कोस्टिया व कायलोडोनेला हे अन्य आदिजीव त्वचेवर आणि कल्ल्यांवर राहतात. दाटी, सडलेले खाद्य आणि गढूळ पाणी यांत त्यांची वाढ झपाट्याने होते.

चपट्या कृमींपैकी डॅक्टिलोगायरस कल्ल्यांवर व गायरोडॅक्टिलस प्रामुख्याने त्वचेवर आढळतो. पहिला अंडी घालतो, दुसरा थेट पिलांना जन्म देतो. हा भेद वरवर पाहता केवळ प्राणिशास्त्राचा वाटतो, परंतु उपचार एकदा करावयाचा की पुन्हा पुन्हा, हे त्यावरच ठरते.

संधिपाद परजीवींमध्ये आर्ग्युलस म्हणजे माशांची ऊ आणि लर्निया म्हणजे नांगरकृमी हे भारतीय तळ्यांत नेहमी आढळतात. आर्ग्युलस नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो चपटा, पारदर्शक व काही मिलिमीटर लांबीचा असतो. रोहू, कटला आणि मृगळ या भारतीय प्रमुख कार्प माशांपैकी रोहूला त्याचा उपद्रव विशेष होतो. उवा लागलेला मासा अंग घासण्यासाठी कडेच्या दगडांवर आपटतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, खाणे सोडतो आणि चोखलेल्या जागी जखमा होऊन त्यांत जिवाणू व बुरशी शिरतात.

बुरशीसारख्या रोगकारकांत सॅप्रोलेग्निया व अकिल्या या प्रजाती परिचित आहेत. जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यावर त्यांची कापसासारखी पांढरी वाढ दिसते. मत्स्यव्यवसायात यांना सरसकट ‘बुरशी’ म्हटले जाते. तथापि शास्त्रीयदृष्ट्या ते खरी कवके नव्हेत. खऱ्या कवकांच्या पेशीभित्तिका कायटिनाच्या असतात, तर यांच्या भित्तिका मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकन यांच्या असून त्यांचे नाते तपकिरी शैवलांच्या गटाशी जुळते. परिणामी मनुष्याच्या किंवा पिकांच्या बुरशीवर चालणारी अनेक औषधे येथे निष्प्रभ ठरतात.

उपचाराची वेळ आणि जीवनचक्र

औषध कोणते, या प्रश्नापूर्वी परजीवी कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो. त्या अवस्थेत पाण्यातील कोणतेही नेहमीचे औषध माशाला इजा न करता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो माशाला सोडतो, तळाशी किंवा वनस्पतींना चिकटून स्वतःभोवती आवरण करतो आणि आत विभाजन होऊन शेकडो पिले तयार होतात. ही पिले बाहेर पडून पोहू लागतात व त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषधाचा घाव बसतो तो केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून एकदा औषध टाकून ठिपके गेले नाहीत तर औषध निकामी आहे असे समजून मात्रा वाढविणे चुकीचे ठरते. ठिपके जाणे हे त्या परजीवीच्या वेळेनेच होणार असते. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात हे चक्र आठवडाभराच्या आत पुरे होते, थंड पाण्यात त्याला अनेक आठवडे लागतात. त्यामुळे उबदार पाण्यात एक-दोन दिवसांआड आणि थंड पाण्यात अधिक अंतराने, पण दीर्घकाळ, उपचार करावे लागतात.

आर्ग्युलसचे असेच आहे. मादी अंडी घालण्यासाठी माशाला सोडून बांबू, दगड, फळ्या अशा टणक पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. अंड्यांवर औषधाचा परिणाम फारसा होत नाही. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात व नव्या उवा येतात. याच सवयीचा उपयोग करून तळ्यात बांबू किंवा फळ्या रोवून ठेवणे आणि ठरावीक दिवसांनी त्या बाहेर काढून उन्हात कडकडीत वाळविणे, हा बिनखर्चाचा उपाय सुचविला जातो. तो रासायनिक नाही, पण रसायनाची निम्मी गरज कमी करतो, म्हणून येथे नोंदविणे आवश्यक वाटते.

बुरशीच्या बाबतीत अंड्यांचा उबवणकाळ निर्णायक ठरतो. रोहू-कटल्याची अंडी सुमारे १४ ते १८ तासांत फुटतात, त्यामुळे मेलेल्या अंड्यावरची बुरशी जिवंत अंड्यांवर पसरायला अवधीच मिळत नाही. सायप्रिनसची चिकट अंडी दोन-तीन दिवस घेतात, तेथे धोका वाढतो. ट्राउट माशाची अंडी १० अंश सेल्सिअस पाण्यात महिनाभर उबत राहतात. तेथे बुरशीनाशक उपचारांशिवाय बीजोत्पादन केंद्र चालविणे कठीण होते. अंड्यांवरील बुरशीची औषधे प्रथम ट्राउट व सॅमन पाळणाऱ्या थंड देशांत विकसित झाली, त्याचे कारण हेच.

मात्रा आणि पाण्याचे आकारमान

औषधाची मात्रा ‘पीपीएम’ म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग या परिमाणात सांगतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर पाण्यात एक ग्रॅम औषध म्हणजे एक पीपीएम. हिशेब सोपा आहे. चुकते ते पाण्याचे मोजमाप.

महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ३० × ३० × ३ मीटर हे माप सर्वपरिचित झाले आहे. लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार २,७०० घनमीटर येतो. परंतु शेततळ्याच्या कडा उभ्या नसतात. दर मीटर खोलीस दीड मीटर असा उतार धरल्यास तळ २१ × २१ मीटरचा राहतो आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यात १,९७१ घनमीटर पाणी मावते. सरळ गुणाकारावर विसंबणारा शेतकरी अशा रीतीने औषधाची मात्रा एक-तृतीयांशाहून अधिक वाढवतो. उन्हाळ्यात फरक आणखी रुंदावतो. त्याच तळ्यात दीड मीटर पाणी उरले असता ते निम्मे नसून केवळ ८१३ घनमीटर, म्हणजे भरलेल्या तळ्याच्या सुमारे ४१ टक्के असते. कारण तळ्याचा खालचा भाग निमुळता असतो. निम्मे पाणी म्हणून निम्मे औषध टाकले तरी मात्रा जादाच होते. मीठ किंवा चुना यांच्या बाबतीत अशी चूक खपून जाते. मोरचुदाच्या किंवा कीटकनाशकाच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी मासे तरंगलेले दिसतात.

उपचाराच्या पद्धती तीन आहेत. तीव्र द्रावणात मासे काही सेकंद ते काही मिनिटे बुडवून काढणे ही पहिली. टाकीत पाणी थांबवून मध्यम मात्रेत सुमारे तासभर ठेवणे व नंतर पाणी बदलणे ही दुसरी. आणि तळ्यात अल्प मात्रा टाकून ती आपोआप विरू देणे ही तिसरी. पद्धत कोणतीही असो, आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवणे, सकाळी प्राणवायूची पातळी पाहून सुरुवात करणे, वायुमिश्रक यंत्रे चालू ठेवणे आणि आधी बादलीतल्या चार-पाच माशांवर प्रयोग करून पाहणे, या गोष्टी सर्व मार्गदर्शिका सांगतात. शेवटची सूचना सर्वांत कमी पाळली जाते.

मीठ

साधे जाडे मीठ हे सर्वांत जुने, स्वस्त व निर्धोक औषध होय. दोन ते तीन टक्के द्रावणात (एक लिटर पाण्यात २० ते ३० ग्रॅम) बोटुकली काही मिनिटे बुडवून मग तळ्यात सोडल्यास अंगावरील आदिजीव व काही चपटे कृमी गळून पडतात. मासा कलंडू लागताच त्याला बाहेर काढावयाचे असते. मिठाचा परिणाम परासरणामुळे होतो. एकपेशीय परजीवीच्या शरीरातून पाणी झपाट्याने बाहेर खेचले जाते, मासा मात्र तेवढा वेळ तग धरतो. ०.१ ते ०.३ टक्के मीठ दीर्घकाळ ठेवल्यास वाहतुकीने थकलेल्या माशांनाही आधार मिळतो. मोठ्या तळ्यात मात्र मिठाचा उपचार परवडत नाही. वरील शेततळ्यात ०.३ टक्के मात्रेसाठी जवळजवळ सहा टन मीठ लागेल, आणि नंतर ते पाणी पिकाला देता येणार नाही.

पोटॅशियम परमँगनेट

विहिरीच्या पाण्यात टाकावयाचे जांभळे औषध म्हणून हे द्रव्य खेडोपाडी परिचित आहे. ते तीव्र ऑक्सिडीकारक असून बाह्य आदिजीव, जिवाणू व बुरशी यांवर चालते. तळ्यासाठी सामान्यतः २ ते ४ पीपीएम मात्रा सांगितली जाते. पण तळ्यातील शेवाळ, गाळ व विष्ठा हेही त्याच्याशी अभिक्रिया करून ते खर्च करून टाकतात. म्हणून स्वच्छ पाण्यात पुरेशी ठरणारी मात्रा हिरव्या पाण्यात निरुपयोगी ठरते. यावर एक साधी परीक्षा आहे. तळ्याचे पाणी पाच-सहा भांड्यांत घेऊन त्यांत १, २, ३, ४ पीपीएम अशी चढती मात्रा मिसळावी. पंधरा मिनिटांनी ज्या सर्वांत कमी मात्रेच्या भांड्यात गुलाबी छटा टिकून असेल तो अंक घ्यावा आणि त्याच्या अडीचपट मात्रा तळ्याला द्यावी. तळ्याचे पाणी काही तास लालसर राहिले तर उपचार लागू पडतो. लवकरच तपकिरी झाले तर औषध संपले असे समजावे. परमँगनेट आणि फॉर्मॅलिन कधीही एकत्र करू नयेत, त्यांच्यात जोरदार अभिक्रिया होते.

मोरचूद

द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद ठाऊक असते. माशांवरील आदिजीव आणि शेवाळ या दोहोंवर ते परिणामकारक आहे, पण त्याची सुरक्षित मात्रा पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. प्रचलित नियम असा की, पाण्याची एकूण क्षारता (मिलिग्रॅम प्रतिलिटर) भागिले १०० म्हणजे मोरचुदाची मात्रा पीपीएममध्ये. क्षारता १२० असल्यास १.२ पीपीएम, म्हणजे वरील भरलेल्या शेततळ्यास सुमारे २ किलो ३६५ ग्रॅम. क्षारता ५० पेक्षा कमी असल्यास मोरचूद वापरूच नये, कारण मुक्त तांबे माशांच्या कल्ल्यांवर घात करते. क्षारता २५० च्या वर गेल्यास तांबे साका होऊन तळाशी बसते व उपयोग होत नाही. दख्खनच्या पठारावरील बेसाल्टी खडकांतून आलेले पाणी बहुधा क्षारयुक्त असते, तर कोकणातील जांभ्या जमिनीतले पाणी मृदू असते. त्यामुळे पठारावर यशस्वी ठरलेली मात्रा कोकणात जशीच्या तशी वापरणे घातक ठरू शकते. मोरचुदाचे द्रावण जस्ताच्या किंवा लोखंडी बादलीत करू नये. तांबे बादलीवर चढते आणि औषधात राहत नाही. गोगलगाई, झिंगे व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना ते माशांपेक्षा अधिक विषारी आहे.

फॉर्मॅलिन

फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे सुमारे ३७ टक्के जलीय द्रावण. पांढरे ठिपके, ट्रायकोडिना, कल्ल्यांतील चपटे कृमी आणि अंड्यांवरील बुरशी या सर्वांवर चालणारे हे बहुगुणी औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांसाठी मान्य केलेल्या मोजक्या द्रव्यांत आहे. टाकीत १५० ते २५० पीपीएम तासभर, तळ्यात १५ ते २५ पीपीएम असे त्याचे प्रमाण असते. हे प्रमाण बाजारी द्रावणाचे आहे, शुद्ध फॉर्माल्डिहाइडचे नव्हे. उष्ण पाण्यात मात्रा खालच्या टोकाकडे ठेवावी लागते.

फॉर्मॅलिनचा मुख्य दोष असा की ते पाण्यातील प्राणवायू कमी करते. स्थूलमानाने ५ पीपीएम फॉर्मॅलिन १ पीपीएम प्राणवायू खाते. शिवाय ते शेवाळ मारते, व मेलेले शेवाळ सडताना आणखी प्राणवायू जातो. उपचारानंतर एक-दोन दिवसांनी पहाटे होणारी मरतूक रोगाची समजली जाते, पण पुष्कळदा ती गुदमरून झालेली असते. थंडीत साठविलेल्या बाटलीत पांढरा साका दिसल्यास ते द्रावण टाकून द्यावे. तो साका पॅराफॉर्माल्डिहाइडचा असून माशांना अतिशय विषारी असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडचा समावेश मनुष्यास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केला. त्यामुळे हाताळणाऱ्याने हातमोजे, चष्मा व नाकावर योग्य आच्छादन वापरणे अनिवार्य आहे. टाकीशेजारी उघड्या तोंडाने कॅन ओतणारे मजूर हे दृश्य आपल्याकडे दुर्मीळ नाही.

औषध म्हणून टाकलेले फॉर्मॅलिन आणि मासळी टिकविण्यासाठी बेकायदेशीरपणे वापरलेले फॉर्मॅलिन यांत गल्लत केली जाते. २०१८ साली केरळात व त्यानंतर गोव्यात मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयाने मोठी खळबळ उडाली. जुलै २०१८ मध्ये गोवा शासनाने परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही दिवसांची बंदी घातली. तो प्रश्न मेलेल्या मासळीवर द्रव शिंपडण्याचा होता, संवर्धनातील उपचाराचा नव्हे. जिवंत माशांना दिलेले अल्प प्रमाणातील फॉर्मॅलिन पाण्यात विघटन पावते व मांसात साठत नाही. याउलट काही सागरी माशांच्या मांसात साठवणुकीच्या काळात नैसर्गिकरीत्याही थोडे फॉर्माल्डिहाइड तयार होते, हे चाचण्यांचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावे लागते.

मॅलॅकाइट ग्रीन

या विषयाच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त द्रव्य म्हणजे मॅलॅकाइट ग्रीन. हा रेशीम, कातडे व कागद रंगविण्याचा कृत्रिम रंग होय. मॅलॅकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजासारखा दिसतो म्हणून त्याला हे नाव पडले; त्यात तांबे मुळीच नसते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मत्स्यबीज केंद्रांत अंड्यांवरील बुरशीवर तो गुणकारी असल्याचे आढळले आणि पुढील अर्धशतक जगभर त्याचा प्रसार झाला. सॅप्रोलेग्नियावर त्याच्याइतके प्रभावी, त्याच्याइतके स्वस्त दुसरे औषध आजवर मिळालेले नाही, हे त्याचे विरोधकही मान्य करतात. फॉर्मॅलिनबरोबर तो पांढऱ्या ठिपक्यांवरही अत्यंत परिणामकारक ठरतो.

अडचण माशाच्या शरीरात सुरू होते. शोषला गेलेला रंग तेथे क्षपण पावून ल्यूकोमॅलॅकाइट ग्रीन हे रंगहीन संयुग बनते. ते मेदात विरघळते व उपचारानंतर कित्येक आठवडे, चरबीयुक्त माशांत महिनेही, मांसात टिकून राहते. उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत या रंगाचे व त्याच्या रंगहीन रूपाचे अनिष्ट परिणाम आढळल्यामुळे अनेक देशांनी खाद्य माशांसाठी त्यावर बंदी घातली. सुरक्षित अशी कोणतीही किमान पातळी ठरविता न आल्याने युरोपीय संघाने तपासणीची क्षमता हाच निकष धरला. २००४ पासून रंग व त्याचे रंगहीन रूप मिळून किलोमागे २ मायक्रोग्रॅम एवढे सूक्ष्म प्रमाणही शोधता यावे असा दंडक होता. नंतर कारवाईची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅमवर आणली गेली. २००५ साली हाँगकाँगमध्ये चीनमधून आलेल्या ईल माशांत हा रंग सापडला. जून २००७ मध्ये अमेरिकेने चीनमधील संवर्धित कॅटफिश, बासा, कोळंबी, डेस व ईल यांची खेप तपासणीशिवाय आत येऊ न देण्याचा आदेश काढला; त्यामागील द्रव्यांत मॅलॅकाइट ग्रीन होते.

बंदीनंतर ट्राउट-सॅमन केंद्रांनी फॉर्मॅलिन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ब्रोनोपॉल यांचा आधार घेतला. पण अंड्यांच्या बुरशीचे प्रमाण वाढल्याची तक्रार अनेक ठिकाणी झाली. शोभेच्या माशांसाठी हा रंग आजही दुकानांत मिळतो आणि तेथे त्याचा वापर गैर नाही. प्रश्न निर्माण होतो तो मत्स्यालयाची बाटली खाण्याच्या माशांच्या टाकीपर्यंत पोहोचली म्हणजे.

कीटकनाशके आणि खाद्यातील औषधे

आर्ग्युलस व लर्निया हे कवचधारी असल्यामुळे त्यांच्यावर शेतीतील कीटकनाशकेच लागू पडतात. भारतात डायक्लोरव्हॉस व ट्रायक्लोरफॉन ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके तळ्यांत दीर्घकाळ वापरली गेली. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ही दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाली. जुन्या पुस्तिकांत ती अद्याप औषध म्हणून छापलेली आढळतात. विद्यार्थ्यांनी त्यांतील मात्रा केवळ इतिहास म्हणून वाचाव्यात.

कीटकनाशकांना परजीवी सरावतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण नॉर्वेतील सॅमन पिंजऱ्यांचे आहे. तेथे सॅमनच्या उवेवर १९७० च्या दशकापासून फॉस्फरसयुक्त द्रव्ये वापरली गेली व दोन दशकांत उवा त्यांना दाद देईनाशा झाल्या. त्यानंतर एमामेक्टिन बेंझोएट हे औषध खाद्यातून, माशाच्या किलोमागे दररोज ५० मायक्रोग्रॅम याप्रमाणे सात दिवस, देण्याची पद्धत आली. काही वर्षांत त्याचीही धार बोथट झाली. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सुमारे १,५०० पीपीएम द्रावणात वीसेक मिनिटांची अंघोळ हा पुढचा उपाय. पण उबदार पाण्यात तो माशांच्याच जिवावर बेततो. अखेरीस तेथील व्यवसाय उवा खाणारे मासे सोबत सोडणे, कोमट पाण्याने उवा झाडणे अशा अरासायनिक मार्गांकडे मोठ्या प्रमाणावर वळला.

कोळंबी संवर्धनातील परिस्थिती

कोळंबी स्वतःच कवचधारी असल्याने वरील बहुतेक उपाय येथे उलटतात. उवेला मारणारे कीटकनाशक कोळंबीलाही मारते. कवच बनण्याची क्रिया रोखणारी डायफ्लुबेंझ्युरॉनसारखी द्रव्ये तर येथे विषच होत. सॅमन पिंजऱ्यांत त्यांचा वापर केल्यावर भोवतालच्या खेकडे-झिंग्यांचे काय होते, हा वाद त्यातूनच निघाला.

बीजोत्पादन केंद्रात लॅजेनिडियम व सिरोल्पिडियम या बुरशीसदृश जीवांमुळे कोळंबीच्या अळ्या दोन दिवसांत जवळजवळ संपूर्ण नष्ट होऊ शकतात. त्यावर ट्रायफ्लुरालिन हे तणनाशक ०.०१ ते ०.१ पीपीएम इतक्या अत्यल्प मात्रेत वापरले जात असे. २०१८ च्या उपरोक्त आदेशात तेही, गव्हावरील वापर वगळता, बंद करण्यात आले. आता पाणी गाळून निर्जंतुक करणे आणि अंडी धुणे यांवर भर दिला जातो. झूथॅम्नियम, एपिस्टायलिस यांसारखे आदिजीव कोळंबीच्या कवचावर व कल्ल्यांवर लव आल्यासारखे वाढतात. कोळंबीने कात टाकली की ते कातीबरोबर जातात. म्हणून पाणी बदलून किंवा चहाच्या बियांची पेंड अल्प मात्रेत टाकून कात टाकण्यास चालना देणे हा औषधापेक्षा शहाणपणाचा मार्ग समजतात. या पेंडीतील सॅपोनिन माशांना विषारी असते, कोळंबीला त्या मात्रेत नसते. आपल्याकडील मोहाच्या पेंडीतही सॅपोनिन असते आणि तळे तयार करताना नको असलेले मासे काढण्यासाठी ती हेक्टरी २,००० ते २,५०० किलो वापरतात. पुढे ती कुजून खत होते.

सध्याचा सर्वांत मोठा प्रश्न एंटेरोसायटोझून हेपॅटोपेनी, संक्षेपाने ईएचपी, या सूक्ष्मबीजाणूचा आहे. २००९ साली थायलंडमधील टायगर कोळंबीतून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याच वर्षी भारतात व्हनामी कोळंबीच्या संवर्धनास परवानगी मिळाली व पुढे तिच्यातच तो पसरला. हा जीव पूर्वी आदिजीवांत गणला जाई, आता त्याचे नाते कवकांशी जोडतात. तो कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडाच्या पेशींच्या आत राहतो. कोळंबी लगेच मरत नाही. ती वाढत नाही. शेतकरी खाद्य घालत राहतो आणि काढणीच्या वेळी लहान-मोठ्या आकारांचा माल हाती येतो. पेशीच्या आतील या जीवावर परिणामकारक ठरलेले कोणतेही औषध उपलब्ध नाही. बाजारात त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर कर्ज काढून होणारा खर्च हा कोकणापासून आंध्रापर्यंतच्या शेतकऱ्यांच्या तोट्यात भरच घालतो. रसायनाचा खरा उपयोग येथे कोळंबी नसताना होतो. काढणीनंतर तळे वाळवून, माती १०-१२ सेंटिमीटर नांगरून हेक्टरी सहा टन कळीचा चुना मिसळतात व माती ओलावतात. मातीचा सामू १२ पर्यंत चढला तरच बीजाणू मरतात. शेतीला वापरतात ती चुनखडीची भुकटी हा सामू गाठू शकत नाही, ती कितीही टाकली तरी.

साथीचा व्रणरोग

ॲफॅनोमायसीस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जीवामुळे होणारा साथीचा व्रणरोग (ईयूएस) भारतात १९८८ साली ईशान्येकडील राज्यांत प्रथम नोंदला गेला आणि काही वर्षांत देशभर पसरला. मरळ व खवली यांसारख्या माशांच्या अंगावर खोल, लाल व्रण पडतात. मासे खाण्यास लोक भिऊ लागल्याने मच्छीमारांचे उत्पन्नच थांबले. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर ‘सिफॅक्स’ हे मिश्रण तयार केले. एक मीटर खोलीच्या एक हेक्टर तळ्यास ते एक लिटर टाकतात. त्याच्या जोडीला कळीचा चुना देण्याची पद्धत आहे. या रोगातील बुरशीचे तंतू स्नायूंत खोलवर शिरलेले असतात, तेथपर्यंत पाण्यातील औषध पोहोचत नाही. उपचाराचा लाभ मुख्यतः पाणी सुधारण्यात, जखमांतील जिवाणू रोखण्यात आणि नवी लागण थांबविण्यात असतो. खोल व्रण पडलेले मासे बहुधा वाचत नाहीत.

अवशेष, प्रतीक्षाकाळ व नियमन

उपचार केलेला मासा केव्हा विकावा हे प्रतीक्षाकाळाने ठरते. माशाचे तापमान पाण्याबरोबर बदलते व औषधाचा निचरा त्यानुसार जलद वा मंद होतो, म्हणून हा काळ दिवसांऐवजी ‘अंश-दिवस’ या एककात मोजतात. म्हणजे पाण्याचे सरासरी तापमान गुणिले दिवस. स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसलेल्या औषधांसाठी युरोपात ५०० अंश-दिवस धरण्याची प्रथा आहे. २५ अंशांच्या पाण्यात ते २० दिवस होतात, १० अंशांच्या पाण्यात ५०.

भारतात किनारी कोळंबी संवर्धनावर किनारी जलकृषी प्राधिकरणाचे (२००५ च्या कायद्यान्वये) नियंत्रण आहे व क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांना मनाई आहे. प्रतिजैविके परजीवींवर किंवा बुरशीवर चालतच नाहीत. तरीही ‘सगळ्यांवर एक’ म्हणून ती टाकली जातात आणि निर्यातीची खेप परत येण्याचे कारण ठरतात. गोड्या पाण्यातील लहान तळ्यांवर असे नियंत्रण फारसे नाही. तेथे औषध कोणते व किती, हे बहुधा खाद्य विकणाराच सांगतो. मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, राज्याची मत्स्य महाविद्यालये आणि जिल्ह्यांतील मत्स्यव्यवसाय कार्यालये यांच्याकडून सल्ला मिळू शकतो. तो मागताना माशांबरोबर तळ्याच्या पाण्याचा नमुना स्वतंत्र बाटलीत नेणे, आणि मासे मेलेले न नेता आजारी पण जिवंत नेणे आवश्यक असते. मासा मेल्यावर बहुतेक बाह्य परजीवी काही तासांत त्याला सोडून जातात व सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही.